पोटचा गोळा

आजवर आम्ही पुष्कळ प्रकारचे अर्ज भरले. परंतु गेल्या आषाढात पुण्याच्या एका रुग्णालयात जो भरला, त्याच्याइतका पेचात टाकणारा दुसरा आठवत नाही. ‘रोगी परदेशी आहे काय?’ असा त्यात एक प्रश्न होता आणि त्यापुढे ‘होय’ व ‘नाही’ अशी दोन घरे काढलेली होती. आम्ही वीस वर्षे इंग्लंडात कॉव्हेंट्री शहरी राहतो. पारपत्रही आता तिकडचेच आहे. तेव्हा पहिल्या घरात खूण करणे प्राप्त होते. पण ज्या निघोजे गावात आम्ही लहानाचे मोठे झालो, ते त्या रुग्णालयापासून दहा कोसांच्या आतच आहे. (निघोजे म्हणजे चाकणजवळचे, इंद्रायणीकाठचे, पारनेर तालुक्यातील रांजणखळग्यांचे निघोज ते निराळे.) आम्ही ‘होय’वर खूण केली, आणि शेजारी बसलेल्या आमच्या धाकट्या भावाने ती पाहून न पाहिल्यासारखे केले.

शस्त्रक्रिया व्हावयाची होती ती पोटावर, आणि तिचे कारण वजन. आमची उंची १६८ सेंटिमीटर व वजन १२८ किलो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो त्यावरून हल्लीचे वैद्यक माणसाची प्रतवारी लावते. आमचा आकडा ४५ येतो. त्याच्या जोडीला बारा वर्षांचा मधुमेह आणि रात्री झोपेत श्वास अडकू नये म्हणून तोंडावर चढवावयाचा यंत्राचा मुखवटा. हा मुखवटा प्रथम पाहिला तेव्हा आमच्या मुलीने त्याला हत्तीची सोंड म्हटले होते. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि आम्हीही हसलो होतो. चरकाने निंदित म्हणून जे आठ प्रकारचे देह सांगितले आहेत त्यांत अतिस्थूल हा एक आहे, आणि अतिस्थूलापेक्षा कृश बरा, कारण दोघांना रोग झाला तर तो स्थूलालाच अधिक पीडतो, असाही त्याचा निवाडा आहे. पथ्ये, उपवास, पहाटेचे फिरणे, हे सर्व आम्ही वीस वर्षे करून पाहिले. दर खेपेस दहा किलो उतरले आणि बारा चढले.

इंग्लंडातील सरकारी आरोग्यव्यवस्था ही शस्त्रक्रिया विनामूल्य करते. परंतु त्यापूर्वी महिनोन्महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली राहावे लागते, आणि ती पायरी ओलांडल्यावरही रांग संपत नाही. खाजगी रुग्णालयाचा आकडा ऐकून आम्ही मुकाट्याने भावाला फोन लावला. आमच्या तिकडच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली: ‘परत आल्यावर तुमची देखभाल कोण करणार?’ प्रश्न रास्त होता. या शस्त्रक्रियेनंतर जन्मभर जीवनसत्त्वे घ्यावी लागतात, लोह, बी-१२ आणि कॅल्शियम यांच्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. आणि स्वस्त पडले म्हणून परदेशी जाऊन पोट कापून घेणारे पुष्कळजण येथेच फसतात. आम्ही त्यांच्याशी त्या तपासण्यांचे लेखी ठरवून घेतले आणि मगच तिकीट काढले.

शस्त्रक्रियेचे स्वरूप ऐकावयास साधे आहे. पोटावर चारपाच लहान भोके पाडून, आत वायू भरून जागा करतात, आणि दुर्बिणीतून पाहत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात. मागे उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः या काढून टाकलेल्या भागातच तयार होते. म्हणून केवळ जागाच कमी होते असे नाही, तर मागणीही कमी होते. परंतु या सर्वांच्या आड येते ते यकृत. स्थूल माणसाचे यकृत चरबीने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. ते आक्रसावे म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे केवळ पातळ पदार्थांवर राहावयाचे असते: ताक, डाळीचे पाणी, गाळलेले सूप, साय काढलेले दूध आणि प्रथिनांची एक पिठूळ भुकटी.

हे दोन आठवडे आम्ही निघोज्यात काढावयाचे ठरविले, आणि पंचांग न पाहता ठरविले. मुलीची शाळा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुटणार, मग ती व तिची आई येणार, असा आमचा हिशेब. तो पंधरवडा नेमका आखाडाचा निघाला! श्रावणात मांसाहार वर्ज्य, म्हणून आषाढाच्या उत्तरार्धात घरोघर पाहुणे बोलावून खाऊन घेण्याची आमच्याकडे चाल आहे. ज्या घरात आम्ही ताकाचा पेला घेऊन बसलो होतो, त्याच घरात एक दिवसाआड रस्सा रटरटत होता. मध्येच एका गुरुवारी मासवड्या झाल्या. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, लसूण भरून केलेल्या त्या वड्यांत मासा औषधालाही नसतो. पण आमच्या बाजूला त्यांच्यावाचून पाहुणचार पुरा होत नाही. आमच्या भावजयीने संकोचून आमची बैठक माडीवर हलविली. वासाला मात्र जिना चढण्याची कोणी मनाई केलेली नव्हती.

माडीवरून गाव दिसते. पण ते आमचे गाव नव्हे. २००९ मध्ये फोक्सवागनचा आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना गावाच्या हद्दीत उभा राहिला, आणि ज्वारी-बाजरीची शेते पत्र्यांच्या शेडखाली गेली. आम्ही मोटारींच्या धंद्यासाठी सातासमुद्रापलीकडे गेलो आणि मोटारी आपण होऊन आमच्या बांधावर आल्या, हा विनोद आमचा भाऊ पाहुण्यांना न चुकता सांगतो. त्याने जुन्या गोठ्याच्या जागी बारा खोल्या बांधल्या आहेत. त्यांत मराठवाड्याची व बिहारची मुले राहतात. बंधाऱ्यातले पाणी पिंपरी-चिंचवडला जाते आणि खोल्यांचे भाडे दर पहिल्या तारखेस येते. घरात कशाची वाण नाही. ही सुबत्ता आमच्या आईला अजून खरी वाटत नाही. ती आजही रात्री निजण्यापूर्वी पिठाच्या डब्याचे झाकण काढून आत हात घालून पाहते.

आईला आमचा बेत मान्य नव्हता. पोटाचा कसला रोग झाला म्हणून पोट कापावे, हे तिला समजत होते. पोट जास्त खाते म्हणून कापावे, हे समजत नव्हते. “खाऊन मेलेलं माणूस म्या पाह्यलं न्हाई, उपाशी मेलेली पाह्यलीत,” असे ती म्हणाली, आणि त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. भावाने तिची समजूत घालण्यासाठी नितीन गडकरींचे नाव सांगितले. त्यांनी २०११ मध्ये मुंबईस अशीच शस्त्रक्रिया करून घेतली होती. पण आईच्या ध्यानात राहिली होती ती इजिप्तची इमान अहमद. २०१७ च्या फेब्रुवारीत त्या बाईंना मालवाहू विमानाने मुंबईस आणले, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात अबू धाबीस हलविले आणि सप्टेंबरात त्या वारल्या. त्यांचे दुखणे कितीतरी वर्षांचे व अनेक पदरी होते, आमची गोष्ट निराळी, हे आम्ही पुनःपुन्हा सांगितले. आईने एवढेच विचारले, “पण मेली ना ती?”

खरे सांगावयाचे तर तिला समजावीत असताना आम्ही स्वतःलाच समजावीत होतो. जाणत्या हातांनी केल्यास या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास असते. दिवसा हा आकडा धीर देतो. रात्री दोन वाजता, कारखान्याची पाळी सुटून मोटारसायकली गल्लीतून जात असताना, त्या हजारांतले नऊशे नव्व्याण्णव कोठे नाहीसे होतात कोण जाणे. तो एकटा तेवढा उशाशी येऊन बसतो. निघण्यापूर्वी आम्ही मृत्युपत्र करून कपाटात ठेवले होते. ते आमच्या मुलीला सापडले. फोनवर तिने त्याविषयी काही विचारले नाही. फक्त आपण पियानोची शिकवणी सोडली तरी चालेल, पैसे वाचतील, असे म्हणाली. आम्ही तिच्यावर रागावलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते तीन चेंडूंचे श्वासाचे खेळणे तोंडाशी धरून बसलो. फुप्फुसांच्या व्यायामासाठी ते रुग्णालयातून दिलेले असते. श्वास आत ओढून तिन्ही चेंडू वर उचलून धरावयाचे असतात. त्या रात्री एकच उचलला.

पण जी गोष्ट सांगावी म्हणून आम्ही लिहावयास बसलो, ती याहून निराळी आहे. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत एक लांब प्रश्नपत्रिका पुढे केली होती. त्यात ‘जन्माच्या वेळचे वजन’ असा एक रकाना होता. तो आम्ही कोरा सोडला, त्यावर त्या म्हणाल्या, “आई असतील तर विचारून या.” तेव्हा एका संध्याकाळी, आई लसूण सोलीत बसली असता, आम्ही सहज विचारले.

“वजन कोण करतंय?” ती म्हणाली. “सुईण म्हनाली, मांजराच्या पिलायेवढं हाय, जगलं तर पांडुरंगाचं. कापसात गुंडाळून सुपात ठिवला हुता तुला.”

आमचा जन्म १९७३ च्या फाल्गुनातला. म्हणजे आई आमच्या वेळी दिवसांची होती ते सगळे महिने बहात्तरच्या दुष्काळाचे. हे गणित इतके सोपे असूनही पन्नास वर्षांत आम्ही ते कधी मांडले नव्हते. दुष्काळाच्या गोष्टी घरात चालत. पण त्या दुष्काळाच्या म्हणून, आमच्या म्हणून नव्हे. तिचे माहेर शिरूर तालुक्यातले, पावसाच्या छायेतले. पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, तेव्हा घरातील झाडून सारी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात होती. मजुरी फोडलेल्या खडीच्या मापावर. तेव्हा आणखी दोन हात घरी बसवून ठेवणे परवडणारे नव्हते. आई बसून खडी फोडी. आमच्या आजीने तिच्या पोटावर लुगड्याचा पदर दुहेरी बांधून दिला होता, उडालेली कपची लागू नये म्हणून. खावयास अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, तिला लोक मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना फुटे आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसे. कामावर सुकडी वाटीत. “तिच्यासाठी मी दोनदा रांगंत उभी ऱ्हायची,” आई म्हणाली. “एकदा माझ्या नावानं, एकदा तुझ्या. वाटणारा भला मानूस हुता, कळायचं त्याला. पर गप ऱ्हायचा.”

लसणाच्या पाकळ्या तिने सुपात टाकल्या आणि विचारले, “डाक्टराला कशाला पायजे ते?”

आम्ही म्हणालो, “उगीच. कागदावर लिहायला.”

उगीच नव्हते, हे आम्हांस ठाऊक होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालविला, तो या विषयात जगभर प्रमाण मानला जातो. या खेड्यांतील मुले जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली मुले हातापायांनी बारीक, स्नायूंनी बारीक. पण चरबी मात्र त्या मानाने त्यांनी राखलेली. जणू पोटात असतानाच बाहेरच्या टंचाईची वार्ता त्यांना लागते आणि ती साठेबाजी करूनच जन्मास येतात. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही उंची-वजनाचा आकडा एकच, २२.३, परंतु इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२. हॉलंडातही १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न रोखल्यामुळे जी उपासमार झाली, तीत गर्भात असलेली मुले मोठेपणी तपासली गेली, आणि त्यांच्यातील काहींत स्थूलपणा व साखर पेलण्याची दुर्बलता अधिक आढळली. डॉक्टरांनी हे आम्हांस समजावून सांगितले ते दिलासा म्हणून: दोष सगळा तुमच्या जिभेचा नाही, असे त्यांना सुचवावयाचे होते.

हा दिलासा आम्ही पूर्णपणे घेतला असे नाही. शास्त्र समुदायाविषयी बोलते; अमुक एका माणसाची ढेरी अमुक एका दुष्काळाने वाढली, असे ते म्हणत नाही. आमच्या भावाच्या वेळी घरात धान्य होते आणि तो सडपातळ आहे, हे खरे. पण तो रोज खोल्यांच्या पाण्याच्या टाक्यांवर चढउतार करतो आणि आम्ही वीस वर्षे खुर्चीत बसून बटाट्याच्या कापांच्या पुड्या फोडल्या, हेही खरे. तथापि त्या रात्री ओसरीवर बसून आम्ही हे सारे भावाला सांगितले. हॉलंड सांगितले, याज्ञिक सांगितले, सुपातले पोर सांगितले. आई आत निजली आहे अशी आमची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी आई आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताकाचा पेला ती माडीच्या पायरीवर ठेवून खाली जाई. आम्ही तो तिचा नेहमीचा राग समजलो.

चौथ्या रात्री आमच्या निष्काळजीपणाची फळे आम्हांस मिळाली. पातळ आहार सुरू केला की मधुमेहाची गोळी निम्मी करावयाची, असे रुग्णालयाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. भूक जिंकल्याच्या तोऱ्यात आम्ही तो कागद अर्धाच वाचला होता. पहाटे तीनच्या सुमारास घामाने अंग भिजले, हात कापू लागले, आणि जिना कोणत्या बाजूस आहे ते उमजेना. आम्ही कशावर तरी आपटलो. भाऊ धावत आला. पण त्याच्याआधी आई आली. बाहत्तरीची बाई तो जिना कशी चढली, ते ती आजवर सांगत नाही. भावाने बोटाला सुई टोचून यंत्र पाहिले: ५८. आईने यंत्राकडे पाहिलेही नाही. तिने पाण्यात साखर ढवळून पेला आमच्या ओठांना लावला, आणि मूल कुरकुरले की देतात तसा मानेमागे हात दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा आकडा ९१ झाला होता.

भाऊ खाली गेल्यावर आई तशीच बसून राहिली. बाहेर पाऊस लागला होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “म्हंजी, माझ्याच पोटात झालं म्हन की हे.”

आम्ही काय बोलणार? नाही म्हणावे, तर तिने सगळे ऐकले होते. होय म्हणावे, तर ज्या बाईने दोनदा रांगेत उभे राहून आम्हांस जगविले, तिच्या पदरात आम्ही काय टाकत होतो! आम्ही म्हणालो, “तुझ्या पोटात जगलो, एवढंच झालं.” ते तिला पटले की नाही, कळले नाही. तिने पेला विसळला, मुखवटा आमच्या नाकावर बसविला (तो कसा बसवितात हे ती केव्हा शिकली?) आणि दिवा मालविला.

सकाळी तिने भावजयीकडून ती आहाराची यादी वाचून घेतली. तेव्हापासून डाळीचे पाणी ती स्वतः गाळू लागली; मोजावयास औषधाच्या बाटलीबरोबर आलेली टोपी तिने घासून ठेवली होती. गोळी निम्मी तोडण्याचे कामही तिनेच घेतले. अडकित्त्याने ती बरोबर मध्यावर तोडी आणि उरलेला अर्धा तुकडा कागदात बांधून ठेवी, टाकवत नसे.

दीप अमावास्येच्या दिवशी दुपारी आमची पत्नी व मुलगी मुंबईहून तळेगावच्या वाटेने आल्या. चाकणच्या चौकात दोन तास मोटारीत बसून त्या दमून गेल्या होत्या. मुलीने आम्हांस पाहिले आणि ‘बाबा, गाल गेले,’ एवढेच म्हणाली. दोन आठवड्यांत साडेसात किलो उतरले होते. तिला आजीने हाताशी धरून दिवे घासावयास बसविले. पितळेच्या समया, निरांजने, एक जुना कंदील चिंचेने उजळून निघाला. आजी-नातीची भाषा एक नाही. एकीला खेडचे मराठी आणि दुसरीला कॉव्हेंट्रीचे इंग्रजी. तरी दोघींचे काही ना काही चालले होते. मृत्युपत्राचा विषय आमच्या पत्नीने काढला नाही. मात्र येताना पियानोच्या पुढील सहा महिन्यांच्या शिकवणीचे पैसे भरून आल्याचे तिने सांगितले.

संध्याकाळी दिवे लागल्यावर आईने आमच्या पत्नीला विचारले की, शस्त्रक्रियेनंतर हा परत जेवू लागेल तेव्हा किती जेवेल? पत्नीने क्रम सांगितला: दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग महिना-दीड महिन्याने साधे अन्न, आणि तेही आधी प्रथिने, मग दोनतीन घास भाकरी, सावकाश चावून, जेवताना पाणी न पिता. “दोनतीन घास,” आई म्हणाली, आणि चुलीकडे गेली. घरात गॅस आहे. पण भाकरीपुरती तिने परसात चूल राखली आहे.

थोड्या वेळाने ती तळहातावर काही घेऊन आली. बाजरीची भाकरी होती. पापडाहूनही लहान, काठ न फुटलेली, टम्म फुगलेली. एवढी लहान भाकरी थापणे सोपे नाही, असे आमची भावजय म्हणाली. बोटांना फिरावयास जागा राहत नाही. आईने ती आमच्यासमोर धरून विचारले, “येवढी चालंल?”

आम्ही ‘चालेल’ म्हणालो. रात्री बारानंतर पाणीदेखील वर्ज्य होते, आणि अन्न तर पंधरा दिवस वर्ज्यच. तेव्हा ती भाकरी आमच्या मुलीने दोन घासांत खाल्ली. पहाटे चार वाजता, नाशिक रस्त्यावर ट्रकांची गर्दी होण्यापूर्वी, आम्ही मोशीच्या बाजूने पुण्यास निघालो. आई पुढे, भावाच्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर एक पिशवी होती आणि तीत रुग्णालयाचे कागद, अर्ध्या गोळ्यांची पुडी आणि साखरेचा डबा होता.